वारा अडवायला शेताच्या कडेने झाडांचे पट्टे – येवल्याकडे जमेल का?

येवलेकर_बापू
नमस्कार मंडळी. पोरगी व्होल्गोग्राडला एमबीबीएस करतेय, तिला भेटायला मे अखेरीस आम्ही दोघं जाऊन आलो. मॉस्कोहून रात्रभराची ट्रेन. सकाळी उजाडलं आणि मी खिडकीला चिकटलो ते उतरेपर्यंत. सगळी सपाट जमीन, डोंगर नाही टेकडी नाही, त्याला ते स्टेप म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत गवताचा माळ. आणि त्या माळावर शेतांच्या कडेने झाडांच्या सरळ रेघा, एक पट्टा, मग लांबच लांब गहू, परत पट्टा, परत गहू. कोणी फूटपट्टी लावून आखल्यासारखं. पोरीच्या घरमालकीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या वारा अडवायला आणि बर्फ धरायला लावलीत, त्यांच्या आजोबांच्या वेळची झाडं.

आता मुद्दा. तिथे वर्षाला पाऊस ३५० ते ४०० मिमी, आपल्या येवल्यापेक्षा कमी! थंडीत उणे वीस. तरी झाडं उभी. आणि आपल्याकडे जूनमध्ये पश्चिमेचा वारा सुटला की वरची माती उडून दुसऱ्याच्या शिवारात, मका आडवा, आणि पंप करायला उभं राहिलं तर औषध स्वतःच्याच तोंडावर. माझं ३ एकर डाळिंब नवीन आहे, बाकी मका-कांदा. पश्चिमेच्या बांधावर असा पट्टा उभा करावा असं डोक्यात बसलंय. कोणी केलंय का? कुठली झाडं? बायको म्हणते रशियाला जाऊन लोक बाहुल्या आणतात, तुम्ही खूळ आणलं.

गोदाकाठ
वहिनींना +१

भटक्या_नाशिक
व्होल्गोग्राड म्हणजेच पूर्वीचं स्टालिनग्राड ना? १९६१ ला नाव बदललं. त्या टेकडीवरचा तलवारवाला पुतळा पाहिला का बापू?

येवलेकर_बापू
पाहिला. पायऱ्या चढताना गुडघे बोलले. पण विषय झाडांचा आहे भाऊ.

निफाडी_द्राक्षवाला
बापू आमच्याकडे हे नवीन नाही. बागेच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला शेवरी टोकतो, कोणी सुरूची झाडं लावतो, कोणी सिल्व्हर ओक, काहीच नसेल तर शेडनेट नाहीतर जुन्या साड्या बांधतो. नवीन फूट कोवळी असते, वाऱ्याने फाटते. शेवरीचा फायदा असा की एका हंगामात डोक्याच्या वर जाते आणि पाला शेळ्यांना. तोटा असा की दोन-तीन वर्षांत म्हातारी होते, परत टोका.

पण एक सांगतो, दाट करू नका. आमच्या एका नातेवाइकाने चारी बाजूंनी सुरूची भिंत केली, दोन रांगा, पान हलायला जागा नाही. छाटणीनंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात दव पडलं की सगळ्यांची बाग नऊला सुकायची आणि याची अकरापर्यंत ओली. डावणी गेली की भुरी, भुरी गेली की डावणी, दोन्ही बुरशीचे रोग. शेवटी मधली झाडं काढली तेव्हा सुटला.

मातीपरीक्षक
निफाडकरांनी नेमका मुद्दा धरला, त्यामागचं गणित सांगतो, लांब होईल पण वाचा.

झाडांच्या पट्ट्याचं काम वारा थांबवणं नाही, वाऱ्याचा जोर मोडणं आहे. ज्यांनी लहानपणी खळ्यावर उफणणी पाहिलीय त्यांना लगेच कळेल. वावडीवर उभं राहून उफणताना मागे भिंत असेल तर काय होतं? वारा भिंतीवरून उडी मारतो आणि पलीकडे गरगर फिरतो, भुसा सगळा डोळ्यात. तेच दाट पट्ट्याचं. साधारण ४० ते ५० टक्के मोकळी जागा असलेला पट्टा सगळ्यात लांबवर काम करतो, म्हणजे पलीकडचं शेत चाळणीतून दिसावं तसं दिसलं पाहिजे.

किती लांब? झाडाच्या उंचीच्या १५ ते २० पट, वारा जातो त्या बाजूला. वारा येतो त्या बाजूला पण थोडा फायदा असतो, दोन ते पाच पट. म्हणजे ८ मीटरचं झाड असेल तर पुढचे सव्वाशे-दीडशे मीटर. मात्र पट्टा सलग हवा. मध्ये गाडीवाटेसाठी खिंड ठेवली तर त्या खिंडीतून वारा आधीपेक्षा जोरात घुसतो, बोळातून घुसतो तसा. आणि पट्टा आखूड असेल तर वारा टोकाला वळसा घालून आत येतो. वारा येतो त्या दिशेला पट्टा काटकोनात. आपल्याकडे मे ते सप्टेंबर पश्चिम-नैऋत्य, म्हणजे पट्टा दक्षिणोत्तर.

आणि झाडाला लागून काही पिकणार नाही हे आधीच मान्य करा. उंचीइतक्या, कधी दीडपट अंतरापर्यंत मुळं पाणी-खत ओढतात. त्यावर उपाय म्हणजे पट्टा आणि पीक यांच्यामध्ये मीटरभर खोल चर, दर दोन-तीन वर्षांनी उकरायचा, आडवी मुळं तुटतात.

कांदा_आणि_कंदील
म्हणजे झाड लावायचं, मग त्याची मुळं तोडायची, मग फांद्या विरळ करायच्या. यापेक्षा वाऱ्याशीच बोलून बघा.

सिन्नरचा_संत्या
😂😂 पण मातीपरीक्षक साहेब पोस्ट भारी. उफणणीचं उदाहरण वाचून आजोबा आठवले, तोंडाला उपरणं बांधून वारा यायची वाट बघत बसायचे.

शिल्पा_इंदिरानगर
मी शेतकरी नाही, तरी विचारते. मियावाकी पद्धतीने बांधावर दाट जंगल का नाही करत? आमच्या सोसायटीच्या मागे केलंय, दोन वर्षांत डोक्याच्या वर गेलं.

मातीपरीक्षक
शिल्पाताई, त्यात एका चौरस मीटरला तीन-चार रोपं लागतात आणि पहिली दोन-तीन वर्षं भरपूर पाणी. सोसायटीत नळ आहे. येवल्यात मार्चनंतर माणसांना टँकर येतो. शिवाय वर म्हटलं तसं, दाट म्हणजे भिंत.

भटक्या_नाशिक
दाट लावायची हौस रशियाने फार मोठ्या प्रमाणावर करून बघितलीय, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. बापूंनी पाहिलेले पट्टे काही आपोआप नाही उगवले.

सुरुवात दोकुचायेव नावाच्या मृदाशास्त्रज्ञापासून. १८९१ ला तिकडे मोठा दुष्काळ पडला, लाखो माणसं गेली. दुसऱ्या वर्षी हा माणूस वोरोनेझ प्रांतात कामेन्नाया स्टेप नावाच्या ठिकाणी गेला आणि प्रयोग म्हणून झाडांचे पट्टे आणि तळी असं सगळं एकत्र उभं करायला घेतलं. ते पट्टे आजही आहेत, आत ओकची मोठाली झाडं. त्याचं म्हणणं असं की दुष्काळ फक्त आभाळातून येत नाही, माळ नांगरून उघडा केला, पाणी आणि बर्फ धरणारं काही ठेवलं नाही म्हणून पण येतो.

मग १९४६ ला परत दुष्काळ आणि १९४८ च्या ऑक्टोबरात स्टालिनची प्रचंड योजना. १५ वर्षांत ५७ लाख हेक्टर झाडं! ८ मोठे सरकारी पट्टे, एकूण लांबी ५,३२० किलोमीटर. त्यातला एक कामिशिन ते स्टालिनग्राड, बापूंच्या पोरीच्या गावाजवळच, ६० मीटर रुंदीच्या तीन समांतर पट्ट्या. आणि या सगळ्याच्या लागवडीची पद्धत ठरवली लिसेंकोने, म्हणजे स्टालिनच्या मर्जीतल्या शेतीशास्त्रज्ञाने. त्याचा सिद्धांत काय, तर एकाच जातीची झाडं आपसात भांडत नाहीत. एकेका आळ्यात ओकच्या मूठ मूठ बिया टाका, कमजोर रोपं आपणहून मरून जातील आणि बलवान भावाला जागा करून देतील!

कांदा_आणि_कंदील
या लिसेंकोला कधी वाटणीपत्राला बसवायला हवं होतं.

सिन्नरचा_संत्या
एकाच जातीचे आपसात भांडत नाहीत 🤣 आमच्या गल्लीत आण त्याला

भटक्या_नाशिक
हा हा. तर व्हायचं तेच झालं, बरीचशी रोपं मेली. १९५३ ला स्टालिन गेला आणि योजना बारगळली. पण जिथे साध्या रांगेत, जमीन नीट तयार करून लावली होती तिथली टिकली. तेच बापूंना खिडकीतून दिसलं.

मनमाड_जंक्शन
सरकारी लागवड सगळीकडे सारखीच दिसते. आपल्याकडे २०१६ ला २ कोटींचं टार्गेट होतं, २०१९ ला ३३ कोटी. आमच्या एका ओळखीच्या गावात दर जुलैला त्याच खड्ड्यात नवीन रोप आणि तोच नारळ. खड्डा मात्र आता चांगला मुरलाय.

बागलाणचा_भो
डाळिंबवाल्याचं कोणी बोलतच नाही म्हणून लिहितो. सटाण्याकडे आम्ही तेल्या रोगाने डाळिंबाच्या बागा काढल्या. तेल्याचे जंतू पावसाच्या शिंतोड्यांबरोबर वाऱ्याने या झाडावरून त्या झाडावर जातात, वादळी पाऊस झाला की आठवड्यात डाग. म्हणून डाळिंबाला वारा अडवणं द्राक्षापेक्षा जास्त गरजेचं आहे असं माझं मत. फळ फांदीवर घासून डाग पडतो तो वेगळाच, व्यापारी त्याच डागाचे पैसे कापतो. बापू तुम्ही लावाच. फक्त निफाडकर म्हणतात ते ध्यानात ठेवा, हवा खेळती पाहिजे.

निफाडी_द्राक्षवाला
आणि बिबट्या. झाडी दाट झाली की बिबट्या. आमच्याकडे उसात होता, आता सगळीकडे.

गोदाकाठ
नाशिकच्या कुठल्याही धाग्यावर बिबट्या यायला साधारण १५ प्रतिसाद लागतात. आज वेळेवर आला.

येवलेकर_बापू
सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. आता झाडं सांगा. तिकडे मी जी पाहिली त्यातलं एक फुललेलं होतं, पांढरे घोस, वास असा की ट्रेनच्या डब्यात येत होता. घरमालकीणबाई म्हणाल्या पांढरी अकेशिया, म्हणजे बाभूळच ना?

मातीपरीक्षक
नाही. ते रोबिनिया, मूळ उत्तर अमेरिकेचं, तिकडे त्याला पांढरी अकेशिया म्हणायची पद्धत पडलीय. शेंगवर्गीय आहे, पण आपली बाभूळ नाही. तिकडे ते, एल्म, ॲश, ओक, खाली काटेरी झुडपं असं मिश्रण असतं. ते इथे आणायच्या भानगडीत पडू नका, इथलं इथे बघा.

माझी शिफारस: वाऱ्याच्या बाजूला पहिली रांग बुटकी, ग्लिरिसिडिया नाहीतर शेवरी, मधली रांग कडुनिंब-करंज आलटून पालटून, शेताच्या बाजूला सीताफळ किंवा शेवगा, म्हणजे काहीतरी विकता येईल. बाभूळ चालेल पण ट्रॅक्टरच्या टायरचा विचार करा. निलगिरी नको, पाणी ओढते. आणि वेडी बाभूळ अजिबात नको. राजस्थानात वाळू धरायला ती लावली, शेळ्यांनी शेंगा खाऊन बिया सगळीकडे पोचवल्या, आता काढता निघत नाही. तसं जोधपूरच्या काझरी संस्थेने वाळवंटातल्या पट्ट्यांवर फार चांगलं काम केलंय, १९५९ पासूनची संस्था आहे.

चांदवडची_वैशाली
आंबा, चिंच बांधावर लावणार असाल तर तोडताना परवानगी लागते हे ध्यानात असू द्या, १९६४ चा कायदा आहे, सागापासून बरीच झाडं त्यात येतात. आमच्या सासऱ्यांनी चिंच लावली ४० वर्षांपूर्वी, आता ती बांधाच्या मधोमध, अर्धी आमची अर्धी चुलत दिरांची, आणि चिंचा मात्र वानर खातात.

मला बापूंना वेगळंच विचारायचंय. पश्चिमेला शेत कोणाचं आहे?

येवलेकर_बापू
वैशालीताई, तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलं. चुलतभावाचं. नानाचं. बोलणं जवळपास बंद आहे, कारण अर्थातच बांध.

चांदवडची_वैशाली
वाटलंच. मग आधी ते बघा. पट्टा तुमच्या पश्चिमेच्या बांधावर, म्हणजे वाऱ्याचा फायदा तुम्हाला. सकाळची सावली कोणावर? नानांवर. अर्धी मुळं कोणाच्या शेतात? नानांच्या. मी नानांच्या जागी असते तर दुसऱ्या वर्षी बुंध्यात हिंग भरला असता. (आमच्याकडे भरलाय. कोणी ते सांगणार नाही.)

कांदा_आणि_कंदील
ज्याच्या पश्चिमेला दुसऱ्याचं झाड तो खरा सुखी.

मातीपरीक्षक
ताईंचं म्हणणं सगळ्यात महत्त्वाचं आहे, मी गणितात अडकलो होतो. ३ एकराचा चौकोनी तुकडा म्हणजे साधारण ११० मीटर बाय ११० मीटर. ८ मीटरच्या पट्ट्याचा फायदा त्याच्याही पुढे जातो, म्हणजे पूर्वेच्या शेजाऱ्याला फुकट. आपल्या तुकड्यांच्या मापाला हा प्रकार एकट्याने करायचा नाहीच. रशियात सामूहिक शेती होती, एका कार्यालयाने रेघ मारली की संपलं. आणि पुढे १९९१ नंतर ती शेती मोडली तेव्हा पट्टे नक्की कोणाचे हेच कळेना, मग कोणी विरळणी करेना, कडेचं गवत पेटवलं की झाडं पण जळायची. अमेरिकेत १९३४ ते १९४२ मध्ये रूझवेल्टने डाकोटापासून टेक्सासपर्यंत २२ कोटी झाडं लावून घेतली, धुळीची वादळं रोखायला, तिथे शेतं खाजगी होती पण एकेक शेत एवढं मोठं की पट्टा आपल्याच जमिनीत मावतो. तरी आता गोल फिरणारं सिंचनाचं यंत्र आडवं येतं म्हणून कित्येकांनी ते पट्टे काढले.

सिन्नरचा_संत्या
म्हणजे लावणारा आजोबा, काढणारा नातू, सगळीकडे सेम.

मनमाड_जंक्शन
मला अजून एक पटत नाही. तिकडे बर्फ पडतो. पट्टा बर्फ शेतात धरतो, तो वितळला की जमिनीत पाणी. आपल्याकडे बर्फ कुठाय? मग अर्धा फायदा गेला ना?

मातीपरीक्षक
बरोबर, आणि म्हणूनच नक्कल करायची नाही. तिकडचे लोकही कित्येक ठिकाणी पट्टा खालून मोकळा ठेवतात, म्हणजे बर्फ पट्ट्यातच ढीग होऊन न बसता शेतभर पसरतो. आपल्याला पाणी आभाळातून चार महिन्यांत मिळतं, ते धरायचं काम बांधाचं आणि चराचं. पट्ट्याकडून अपेक्षा एवढीच की मे-जूनचा कोरडा वारा जमिनीतली आणि पानातली ओल कमी खेचेल, माती उडणार नाही, फळ घासणार नाही. तिकडे पण अशा कोरड्या गरम वाऱ्याला नाव आहे, सुखोवेय, कॅस्पियनच्या बाजूने येतो, दोन-चार दिवसांत उभा गहू वाळवतो.

पण त्यांच्याकडून एक गोष्ट जरूर उचला, लागवडीआधीची तयारी. कोरड्या स्टेपमध्ये ते आधी एक अख्खं वर्ष त्या पट्ट्याची जमीन खोल नांगरून पड ठेवतात, गवताचं एक पातं उगवू देत नाहीत, म्हणजे वर्षाची ओल आत साठते. मग रोप. आणि मग तीन ते पाच वर्षं खुरपणी-कोळपणी, झाडांची सावली जुळेपर्यंत. तिथे रोप उन्हाने कमी मरतं, गवताने जास्त मरतं. आपल्याकडे रोप लावलं, फोटो काढला, घरी.

निफाडी_द्राक्षवाला
अगदी. कुंदा गवताने मारलेलं रोप बघितलंय, जणू कोणी गळा दाबला.

शिल्पा_इंदिरानगर
बापू मग काय ठरलं? मी रोज येऊन बघतेय. नानांशी बोललात का?

येवलेकर_बापू
बोललो. सांगतो.

आषाढी एकादशीला देवळात गाठ पडली. मी म्हटलं नाना, बांधावर झाडं लावायची म्हणतोय. तो म्हणाला, माहितेय, गावभर झालंय, तू रशियाहून वारा अडवायची युक्ती आणलीस. मी चराचं सांगितलं, सकाळच्या सावलीचं पण आपणहून सांगितलं, लपवलं नाही. ऐकून घेतलं. मग म्हणाला, फायदा वारा येतो त्याच्या पुढच्याला होतो ना? मग माझ्या पश्चिमेला नाला आहे, नाल्याच्या कडेला आधी माझ्या बांधावर लाव. पाणी तू घाल, तुझी बोअर चालू आहे. माझी रोपं जगली की पुढच्या वर्षी आपल्या मधल्या बांधावर लाव, मी हात लावणार नाही.

सांगा आता. निघालो होतो स्वतःची झाडं लावायला आणि खड्डे खणतोय नानाच्या शेतात.

चांदवडची_वैशाली
बापू, तुम्हाला सौदा चांगला मिळालाय. आणि मधला बांध या वर्षी नांगरून पड ठेवा, तेवढंच रशियन पद्धतीने होईल.

मातीपरीक्षक
नाल्याकाठी असेल तर बांबू पण घाला मध्ये मध्ये. आणि लगेच बुंध्याशी सोयाबीनचं भुसकट नाहीतर पाचट टाका, ओल टिकते.

येवलेकर_बापू
अपडेट. पाऊस उशिरा आला. नानाच्या बांधावर १४० रोपं लागली, कडुनिंब, करंज, ग्लिरिसिडिया, थोडा बांबू. मधला बांध नांगरून ठेवला. ११ रोपं शेळ्यांनी खाल्ली, शेळ्या नानाच्याच. ते मी बोललो नाही. नाना रोज सकाळी रोपं मोजतो आणि मला फोन करून आकडा सांगतो, दोन वर्षांत एवढं बोललो नव्हतो आम्ही. काल म्हणाला १२९. मी म्हटलं माहितेय.

गोदाकाठ
फोटो टाका बापू.

येवलेकर_बापू
टाकतो, शेतातून घरी गेलो की. आज ड्रमने पाणी घालायची माझी पाळी आहे. रोजच असते.

कांदा_आणि_कंदील
वहिनी काय म्हणतात?

येवलेकर_बापू
म्हणते बाहुल्या स्वस्त पडल्या असत्या.